नाणेघाटापासून आठवीच्या वर्गापर्यंत : जुन्नर-आंबेगावच्या वाटेने जगाच्या भाषा



आजचा विषय शाळेचा आहे, पण आम्ही तो इतिहासाच्या वाटेने मांडणार आहोत. माध्यमिक शाळेत, म्हणजे आठवी ते दहावी-बारावीच्या वयात, मुलांनी जगातल्या भाषा आणि त्या भाषांमागची संस्कृती शिकावी का, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. जर्मन, जपानी, फ्रेंच ही नावं ऐकली की आपल्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या एखाद्या इंग्रजी शाळेतला वर्ग येतो. घोडेगाव, ओतूर, मंचर, आपटाळे इथल्या शाळेतला वर्ग येत नाही. ‘अहो, तिथे मुलांना इंग्रजी धड येत नाही, जर्मन कुठलं काढता?’ असं लगेच विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, आणि शेवटी आम्ही त्याला उत्तर देणार आहोत. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. जगाच्या भाषा म्हणजे शहरातून खेड्याकडे येणारी अगदी नवी गोष्ट, अशी ती समजूत. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपुरती तरी ही समजूत खरी नाही. इथे परक्या भाषा दोन हजार वर्षं येत आहेत. प्रत्येक वेळी कोण शिकलं, कशासाठी शिकलं आणि कोणाला शिकायला मिळालं नाही, हे तीन प्रश्न घेऊन आपण आज ही वाट चालू.

सुरुवात नाणेघाटापासून करावी लागते. कोकणातून देशावर चढणारी ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून इथून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञांची आणि दक्षिणांची मोठी यादी त्यात आहे आणि ते आकडे अंकांत कोरलेले आहेत. भारतातल्या जुन्या अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्याला या भिंतीपाशी यावंच लागतं.

पण आपल्या विषयाला जास्त जवळचे लेख खाली जुन्नरच्या परिसरात आहेत. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा असे गट धरले तर जुन्नरभोवती दोनशेहून अधिक खोदकामं मोजली जातात. त्यांतल्या तीन दानलेखांत दाता स्वतःला ‘यवन’ म्हणवतो. एकाचं नाव इरिल, दुसऱ्याचं चिट, तिसऱ्याचं चंद. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, एकाने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला. यवन म्हणजे नेमका ग्रीक, की पश्चिमेकडून आलेला कोणीही, यावर विद्वानांत वाद आहे. तो वाद आज बाजूला ठेवू. एक गोष्ट बघा. हे तिघेही आपलं दान प्राकृतात कोरून ठेवतात. ग्रीकमध्ये नाही, इथल्या लोकांच्या भाषेत. नावात परकेपण शिल्लक आहे, पण वाक्य इथलं आहे. म्हणजे या भूमीवर परभाषा शिकण्याचा लेखी पुरावा शोधायला गेलं, तर पहिला विद्यार्थी म्हणून आपल्याला पाहुणाच भेटतो. तो यजमानाची भाषा शिकला आणि यजमानाच्या धर्मकार्यात भागीदार झाला. भाषेसोबत संस्कृती शिकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

दुसरा पुरावा नाण्यांचा. जुन्नरच्या मानमोडी गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यात ४६ हे वर्ष दिलेलं आहे. म्हणजे काही काळ हा मुलूख नहपानाच्या सत्तेखाली होता. या नहपानाची हजारो चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडली. त्या नाण्यांवर तीन लिप्या आहेत : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. आज आपण त्रिभाषा सूत्रावर भांडतो. इथे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावर तीन लिप्या सुखाने नांदत होत्या! अर्थात त्या नाण्यावरचं ग्रीक बाजारातल्या किती जणांना वाचता येत असेल, हा प्रश्न आहेच. भाषा दिसणं आणि भाषा येणं यात फरक आहे. आजही दुकानाच्या पाटीवर इंग्रजी असतं, म्हणून गावाला इंग्रजी येतं असं होत नाही.

आता पुढे काय झालं ते फार महत्त्वाचं आहे. ही ब्राह्मी लिपी आपण विसरलो. पार विसरलो. शेकडो वर्षं नाणेघाटातून माणसं गेली, गुरं गेली, फौजा गेल्या. भिंतीवरची अक्षरं सगळ्यांनी पाहिली आणि कोणालाही ती वाचता आली नाहीत. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, ही कथा आपल्याकडे गावोगाव सांगतात. ती कथा आम्हाला प्रिय आहे, पण ती आपल्या विस्मरणाचीही खूण आहे. स्वतःच्या घराच्या भिंतीवर काय लिहिलंय ते घरच्याच माणसाला वाचता येत नव्हतं.

ते पुन्हा वाचता कसं आलं? बाख्त्रियाच्या ग्रीक राजांपैकी अगाथोक्लीस याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी अक्षरं होती. नॉर्वेत जन्मलेला आणि जर्मनीत बॉनला शिकवणारा ख्रिस्तियान लासेन याने १८३६ साली ग्रीकच्या आधाराने त्यातलं राजाचं नाव ओळखलं. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी येणारी सारखी अक्षरं पाहिली आणि तर्क केला की हा शब्द ‘दानं’ असावा. तिथून ब्राह्मीचं कुलूप उघडलं. तात्पर्य असं, की नागनिकेचा लेख वाचण्याच्या वाटेवर ग्रीक भाषा उभी होती. ग्रीक जाणणारा कोणी नसता, तर आपली प्राकृत आपल्याला परत मिळायला आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे. परभाषा शिकल्याने स्वभाषा दुरावते असं म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणावर जरा थांबून विचार करावा.

आणि या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फीपणाचा आरोप येईल. नाणेघाट आणि जुन्नरच्या लेखांवर ज्यांनी मोलाचं काम केलं, ते पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. इंग्रजीवर त्यांची फारशी हुकमत नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्यांचे निबंध इंग्रजीत आणत. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे जागतिक विद्वान व्हायला इंग्रजी ही पूर्वअट नव्हती. संस्कृत-प्राकृत, लिपी आणि डोळस कष्ट ही पूर्वअट होती. परभाषेचं दार हवं, पण त्या दारातून न्यायला स्वतःच्या घरात काही असायला हवं.

इथून आपण मध्ययुगात येऊ. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सत्तेतून फुटून स्वतंत्र राज्य उभं केलं, तेव्हा त्याचा मूळ तळ जुन्नर होता. अहमदनगर शहर नंतरचं. पुढे मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाही ज्याने सावरली तो मलिक अंबर. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने काही काळ जुन्नरलाच राजधानी केलं. या माणसाचं भाषाशिक्षण बघा. जन्म इथिओपियाचा, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. बाजारात विकला गेलेला एक मुलगा भाषांची एकेक पायरी चढत दख्खनच्या राज्यकारभाराच्या शिखरावर पोहोचला. त्याचं कौतुक जरूर करावं. पण या शिक्षणाची फी त्याने स्वातंत्र्य देऊन भरली होती, हे विसरू नये. परभाषा शिकण्याच्या इतिहासात जुलूम हा एक मोठा शिक्षक आहे. जुन्नरजवळच्या हापूसबागेचं नाव मूळचं हबशीबाग, असं सांगतात. आंब्याशी त्याचा संबंध लावू नका, आफ्रिकेशी लावा.

त्या काळी दरबाराची भाषा फारसी. अर्ज, फिर्याद, वकील, जमीन, बाजार, तालुका, जिल्हा हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले आणि घरचे झाले. १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांनी पुढे रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हा कोश १६७७च्या सुमाराचा. याचा अर्थ सोपा करून ‘महाराजांनी परभाषा हाकलली’ असा लावतात. आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. पर्यायी शब्द द्यायचा तर मूळ शब्द नीट कळलेला असावा लागतो. ज्याला फारसी येत नाही त्याला हा कोश करताच आला नसता. म्हणून हा कोश आम्ही परभाषेच्या अज्ञानाचा नव्हे, तर तिच्यावरच्या प्रभुत्वाचा पुरावा मानतो. दास्य असतं ते शब्द न समजता वापरण्यात. शब्द समजून, पारखून, ठेवायचा की बदलायचा हे आपण ठरवणं, याला आम्ही भाषिक स्वातंत्र्य म्हणतो.

आता भीमाशंकरला या. देवळापुढे टांगलेली मोठी घंटा युरोपी बनावटीची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या, त्यांतली ही एक मानली जाते. शंकराच्या दारात ख्रिस्ती देवळाची घंटा वाजते आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण घंटेपेक्षा जास्त पोर्तुगीज आपल्या तोंडात आहे. चावी, पाव, पगार, बादली, घमेलं, इस्त्री, काजू, अननस, बटाटा. आमच्या मते माध्यमिक शाळेत जगाच्या भाषांचा पहिला तास इथून सुरू व्हावा.

उदाहरण देतो. आंबेगावचं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध, तर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी. आता ‘बटाटा’ हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. तो स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आला. ‘टोमॅटो’ मूळचा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’. स्पॅनिशमध्ये तो ‘तोमाते’ झाला, तिथून इंग्रजीत आणि मग आपल्या क्रेटवर. म्हणजे पहाटे नारायणगावच्या बाजारात भाव पुकारणारा शेतकरी, ठाऊक नसताना, अझ्टेक लोकांचा शब्द उच्चारत असतो. आठवीतल्या मुलाला हे सांगा, नकाशावर ती वाट काढायला लावा, ताइनो लोकांचं पुढे काय झालं ते सांगा. भाषा, भूगोल, इतिहास आणि थोडीशी नीतीही एकाच तासात शिकवून होते. यासाठी परदेशी शिक्षक लागत नाही.

पुढचा टप्पा इंग्रजीचा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची तयारी असं समीकरण झालं. इंग्रजी आणि तिच्या जोडीला संस्कृत, लॅटिन, फारसी अशी एखादी अभिजात भाषा, हा चांगल्या हायस्कूलचा नमुना ठरला. पण याच विद्यापीठाने १८६०च्या दशकात आपल्या उच्च अभ्यासक्रमातून देशी भाषा वगळल्या. मराठीला तिथे पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावं लागलं. चूक इंग्रजी शिकवण्यात नव्हती. मराठीला उच्च विचाराच्या दाराबाहेर उभं करण्यात होती. आणि खेड्यात तर इंग्रजी शाळाच विरळा. तिथला हुशार मुलगा मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यायचा आणि मास्तर किंवा तलाठी व्हायचा. हा आमचा तिसरा प्रश्न : कोणाला शिकायला मिळालं नाही? खेड्यातल्याला, बाईला, दलिताला, डोंगरातल्या आदिवासीला. अपवाद घडले तेही लक्षात ठेवावेत. याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. धर्मानंद कोसंबी पाली शिकायला सिलोन आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. दोघांनीही बाहेरून आणलेलं धन मराठीत ओतलं, हे विशेष.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोग आला, १९६८च्या राष्ट्रीय धोरणात त्रिभाषा सूत्र आलं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा शिकण्याची सोय असावी असं म्हटलं आहे. मग २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. एप्रिलमध्ये निघालेला आणि जूनमध्ये सुधारलेला असे दोन्ही शासननिर्णय २९ जूनला मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या सगळ्या गदारोळात एक साधा भेद हरवला. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणं ही एक गोष्ट. चौदा वर्षांच्या मुलाला चौथी भाषा निवडू देणं ही पूर्ण वेगळी. पहिलीत मूल भाषेत राहायला शिकत असतं. आठवीत ते भाषेकडे बाहेरून पाहू शकतं, ‘आपण असं म्हणतो, ते तसं का म्हणतात?’ असं विचारू शकतं. तुलना करण्याचं हे वय आहे. म्हणून आमचा आग्रह माध्यमिक शाळेचा आहे, बालवाडीचा नाही.

‘खेड्यातल्या मुलांना झेपेल का?’ या प्रश्नाला आता उत्तर देतो. औरंगाबादजवळच्या गाडीवाट या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०१९ मध्ये तिथे मुलांनाच विचारलं, कोणती परकी भाषा शिकाल? बऱ्याच मुलांनी जपानी म्हटलं. का, तर रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ. मग इंटरनेटवरून मुलं शिकू लागली आणि २०२०मध्ये या शाळेची बातमी देशभर झाली. तिथे मुलांना ‘काय झेपेल’ असं न विचारता ‘काय हवं’ असं विचारलं, एवढाच फरक. आणि जुन्नर तालुक्यातल्या मुलांना जग काही अनोळखी आहे का? १९७१ साली आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, तेव्हा परदेशाशी होणारं देशाचं बोलणं या तालुक्यातल्या शेतांवरून ये-जा करू लागलं. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात. विज्ञानदिनाला हजारो विद्यार्थी ती पाहायला जातात. त्या तबकडीखाली उभ्या असलेल्या मुलाला भाषेचा वर्ग मात्र पुण्यातच, हे चित्र आम्हाला पटत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन शिकण्याची लाट आली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक यांना तिथे काम मिळावं ही चांगलीच गोष्ट आहे. पोटासाठी भाषा शिकणं हलकं नाही, नाणेघाटातला व्यापारीही पोटासाठीच शिकला होता. पण केवळ नोकरीपुरती शिकवलेली भाषा हुकूम समजण्यापुरती राहते. माणसाला परदेशात आपला हक्क मागता यावा, करार वाचता यावा, शेजाऱ्याचं दुःख कळावं, तर भाषेसोबत तिथला इतिहास, तिथले सण, तिथली भांडणंही शिकवावी लागतात. मलिक अंबराची गोष्ट आम्ही याचसाठी सांगितली.

शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात नाजूक आहे. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर यांच्या वाड्यावस्त्या आहेत. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. त्या मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे. म्हणजे त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच पहिली परकी भाषा. मग हिंदी, इंग्रजी, आणि वर आम्ही जर्मन-जपानीची गोष्ट करतो! हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्याचं उत्तर असं : जो मुलगा घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा, बाजारात तिसरी बोलतो, तो कमी नाही, तो सरावलेला आहे. शहरातल्या एकभाषी मुलापेक्षा त्याचा कान तयार आहे. आपण त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणतो आणि तो कान बंद करतो. तेव्हा जगाच्या भाषांच्या वर्गात फळ्यावर पहिला शब्द ठाकरी बोलीतला लिहावा, त्याच्या शेजारी मराठीतला, मग इंग्रजीतला, मग जर्मन किंवा जपानी. सगळे एका ओळीत. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. ज्या मुलाची स्वतःची भाषा फळ्यावर लिहिण्याच्या लायकीची ठरते, तोच दुसऱ्याची भाषा न घाबरता शिकतो.

इरिल नावाच्या यवनाने इथे पाण्याची दोन टाकी दिली आणि ते दान आपल्या भाषेत लिहून ठेवलं. त्याने आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले होते. त्याच्या बाजूची भाषा आपल्या मुलांना शिकवण्याची पाळी आता आपली आहे. त्यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. दोन-तीन शाळांनी मिळून एक शिक्षक, आठवड्याला तीन तास, मुलांनी निवडलेली एक भाषा आणि वर्षातून एकदा जुन्नरच्या लेण्यांपर्यंत सहल, इतक्यावर सुरुवात करता येईल. शिक्षकमंडळी इथे बसलेली आहेत, संस्थाचालकही आहेत. येत्या जूनला कोणत्या शाळेत हा वर्ग सुरू होऊ शकतो, यावर आता चर्चेत बोलू.